भाऊजींची माती

चाकाची कुरकुर ऐकू आली की मी चहाचं आधण ठेवते आणि मनातल्या मनात एक शिवी हासडते. दोन्ही कामं एकदमच होतात. त्या हातगाडीच्या चाकाला तेल घाला म्हणून सांगून माझी जीभ झिजली. भाऊजी म्हणतात, आवाज झाला म्हणजे तुम्हाला कळतं ना मी आलोय ते, चोरासारखा येत नाही मी.

भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर. मी सांगतेय तेव्हा ते नदीच्या पलीकडच्या काठावर एकटे राहतात. रोज सकाळी लोखंडी पूल ओलांडून, गाडीवर दोन घमेली आणि एक फावडं टाकून येतात आणि आमच्या शेतातली माती भरून घेऊन जातात. विचाराल तर म्हणतात, माझीच आहे.

हे सगळं कळायचं तर आधी नदी कळायला हवी. ती आमच्या इथे कोपरात वाकवलेल्या हातासारखी वळते. आम्ही कोपराच्या आतल्या बाजूला, भाऊजी बाहेरच्या. बाहेरच्या बाजूने पाणी जोरात धावतं आणि काठ खात जातं. आतल्या बाजूला ते दमतं, रेंगाळतं, आणि बाजारातून आलेलं माणूस दारातच पिशव्या खाली ठेवतं तसं सगळं खाली ठेवतं. जड ते आधी. गोटे, मग जाडी वाळू, मग बारीक वाळू, आणि पाणी अगदी निवांत झालं की सगळ्यात शेवटी पिठासारखा मऊ पोयटा. दर पुराला एक थर. माझ्या लग्नात जिथे पाणी होतं तिथे आज माझ्या काकड्यांचे वेल आहेत, आणि भाऊजींचं जिथे शेत होतं तिथे नदी आहे.

आता गंमत अशी की ही वाटणी भाऊजींनीच निवडलेली. सासऱ्यांनी जमिनीचे दोन भाग केले आणि थोरला म्हणून आधी त्यांना विचारलं. भाऊजींनी पलीकडची काळी, चिकट, जड जमीन घेतली. आमच्या ह्यांच्या वाट्याला आली वाळूची पट्टी, जिच्यात लव्हाळ्याशिवाय काही उगवत नव्हतं. गावभर लोक ह्यांना हसले. नदीने मात्र त्या वाटणीवर सही केली नव्हती. तिने आपलं काम चालू ठेवलं, आणि थोड्या वर्षांत हसणारे लोक आमच्याकडून टरबुजं विकत न्यायला लागले.

"इकडून गेली, तिकडे आली," भाऊजी म्हणतात. "यात न समजण्यासारखं काय आहे?"

बरं, न्यायची तर सरसकट न्यावी ना. तसं नाही. फावड्याच्या कडेने वरचा पोयटा तेवढा हलक्या हाताने खरवडायचा, वाळू लागली की थांबायचं. मग चिमूटभर ओली करून तळव्यांत वळायची. वळी झाली तर घमेल्यात, मोडली तर फेकून द्यायची. वर एक कण दाताखाली धरून बघतात, कचकच लागते का म्हणून. म्हणजे माझ्या वेलांच्या तोंडचा घास काढून न्यायचा आणि वर तो चाखून नावं ठेवायची.

"भाऊजी, वाळूही तुमचीच असेल की," मी एकदा म्हटलं. "ती का नाही नेत?"

"माझ्या शेतात वाळू नव्हती."

"मग ही कुठून आली?"

"ते नदीला विचार, धाकटे."

मला ते धाकटी म्हणतात. माझे केस पांढरे झाले, गुडघे बोलायला लागले, तरी मी धाकटीच.

आणि नेलेल्या मातीचं करतात काय, तर पलीकडे जाऊन काठाच्या कडेला ओतून पायाने चोपतात. जरा पाणी वाढलं की ती माती जाते. सुटी, हलकी, ताजी माती ती, तिला धरून ठेवायला ना मुळं ना कुजलेला पाला. हातात घेतली तरी बोटांतून गळते. पाणी उतरलं की भाऊजी पुन्हा गाडी घेऊन हजर. ये रे माझ्या मागल्या. मी ह्यांच्याकडे तक्रार केली की हे म्हणायचे, जाऊ दे गं, दोन घमेल्यांनी काय होतंय. ह्यांचं सगळं आयुष्य जाऊ दे म्हणण्यात गेलं. माझं ते ऐकण्यात.

मग चहा. ओट्यासमोरच्या खुर्चीत बसून घ्यायचा, कारण पडवीत वारा लागतो. काल गोड झाला होता, आज पचपचीत झालाय, कप जाड आहे. मी काही बोलले तर ऐकू येत नाही. भाऊजींचा डावा कान कामातून गेलाय हे खरं आहे, पण नको असलेलं बोलणं नेमकं त्याच कानावर कसं पडतं हे मला अजून कळलेलं नाही. चहा झाला की कप उपडा ठेवतात आणि गाडी ढकलत निघतात. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, त्यातला प्रकार.

हे सगळं मी सोसलंच होतं, पुढेही सोसलं असतं. पण त्या वर्षी त्यांचं घर जाणार हे स्पष्ट दिसायला लागलं.

पाणी चढायच्या मोसमाआधी आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला आडव्या फळ्या ठोकलेल्या होत्या. का, तर त्या दाराबाहेरची पायरी गेलेली. फटीतून बघितलं तर खाली तपकिरी पाणी. बाकी भिंत आणि काठ यांच्यामध्ये एक खाट मावेल एवढीच जागा उरली होती, आणि तीही मधून चिरलेली. खिडकीच्या कोपऱ्यापासून छतापर्यंत एक भेग गेली होती. तिच्यात भाऊजींनी कागदाचे बोळे कोंबले होते, वारा येऊ नये म्हणून. टेबलावर मी वाटी ठेवली तर ती आपली आपण सरकत नदीच्या बाजूला गेली. भाऊजींनी सवयीने हात पुढे करून ती धरली.

खिडकीशी जाऊबाईंचं शिवणयंत्र होतं, कापडाखाली झाकलेलं. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. मी कापड उचलून बघितलं तर सुईत अजून दोरा होता.

"दादा, चल आमच्याकडे," हे म्हणाले. "मागची खोली रिकामी आहे. ऊन येतं."

"मी माझ्या जागेवर आहे."

"जागा तुमच्या पायाखालून चाललीय, भाऊजी," मी म्हटलं.

"तुझा आवाज जरा खाली ठेव. अजून बहिरा झालेलो नाही."

हे पुन्हा पुन्हा सांगत राहिले, मऊ आवाजात, तेच तेच. भाऊजी ऐकत होते. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "निवडायला मला आधी सांगितलं होतं. मी निवडलं. आता धाकट्याच्या दारात पोटार्थी म्हणून येऊन बसू? लोक तुला हसले होते ते मी विसरलो नाहीये. मीही हसलो होतो."

यावर ह्यांनी काय म्हणावं? "जाऊ दे, दादा."

परतताना पुलावर मी ह्यांच्यावर इतकी ओरडले की समोरून येणारी सायकलवाली बाई उतरून बाजूला उभी राहिली. माझं म्हणणं एवढंच होतं की तुमच्या भावाला बखोटीला धरून आणा. हे म्हणाले, दादाला कोणी बखोटीला धरलंय का कधी? ते खरंच होतं. त्या रात्री माझा डोळा लागला नाही. सारखी ती वाटी सरकताना दिसत होती. ते जमिनीसकट जातील आणि सकाळी मी चहाचं आधण ठेवून आवाजाची वाट बघत बसेन, हे माझ्या डोक्यातून जाईना. मला त्यांचा राग येत होता आणि त्यांच्यावाचून दिवस सुरू होईल हे पटत नव्हतं. दोन्ही एकाच वेळी वाटणं फार त्रासाचं असतं.

मग आले मातीवाले साहेब. त्यांना बोलावलं होतं काकड्यांसाठी. एका वाफ्यातले वेल भरपूर पाणी देऊनही पिवळे पडत होते. साहेब माती तपासणाऱ्या कार्यालयातले, भले गृहस्थ, पण एकदा बोलायला लागले की गाडीला ब्रेक नाही. त्यांनी हाताने फिरवायचं मोठं गिरमिट जमिनीत घातलं आणि थोडी थोडी माती बाहेर काढून प्लास्टिकच्या कागदावर ओळीने मांडली. वर करडा पोयटा, खाली बारीक वाळू, मग बोटभर चिकट मातीचा पातळ पापुद्रा, मग पुन्हा वाळू, अगदी खाली गोटे.

"हा बघा तुमचा गुन्हेगार," तो पापुद्रा उचलून ते म्हणाले. "कुठल्या तरी पुराचं पाणी इथे साचून राहिलं असणार. साचलेल्या पाण्यातली सगळ्यात बारीक माती सावकाश खाली बसली आणि असा थर झाला. त्यातून पाणी खाली जात नाही, मुळं वर बसून कुजतात. हा फोडून काढा. बाकी जमीन सोन्यासारखी आहे. भुसभुशीत, नांगरायला हलकी, खनिजं भरपूर. पाला-शेणखत मात्र घालत राहा, गाळाच्या नव्या जमिनीत कुजलेला भाग कमीच असतो."

माझा जीव भांड्यात पडतोय तोवर कुरकुर ऐकू आली. भाऊजी गाडी घेऊन वाफ्याच्या कडेला उभे होते. कागदावरच्या ढिगांकडे बघत त्यांनी फावडं जमिनीत रोवलं.

"साहेब, तुम्ही शिकलेले आहात," ते म्हणाले. "आता सगळ्यांसमोर सांगून टाका. ही माती कुणाची?"

"कुणाची म्हणजे?"

"माझं शेत तिथे होतं." भाऊजींनी पलीकडे हात केला. "नदीने ते खाल्लं. इथे आणून टाकलं. बरोबर की चूक?"

साहेबांचा चेहरा खुलला. असा प्रश्न त्यांना कोणी विचारत नसावं. ते भाऊजींच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि हातवारे करत सांगायला लागले. "सगळ्यांना तसंच वाटतं, आजोबा. पण नदी माती अशी सरळ पलीकडे नेऊन टाकत नाही. बाहेरच्या वळणावर कापलेली माती बहुतेक त्याच काठाने खाली जाते. पुढे नदी उलटी वळते ना, तिथे तोच काठ आतल्या बाजूला येतो. तुमची माती तिथे बसली असणार. आणि ही इथली जी आहे, ती वरच्या वळणावरून आलेली, याच काठाच्या कुणाची तरी. म्हणजे तुमची ही माती..."

मला भाऊजींचा चेहरा दिसला. फावड्यावरचे हात तसेच होते, पण ते नदीकडे बघत होते, आणि इतकं म्हातारं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. या माणसाचं शेत गेलं, बायको गेली, घर जायला टेकलं. रोज सकाळी पूल ओलांडून यायला एक कारण उरलं होतं आणि ते हा भला माणूस हसत हसत काढून घेत होता. भीक नको पण कुत्रं आवर, असं मला झालं.

"...तुमचीच आहे," मी म्हटलं.

साहेब थांबले. "नाही, नाही, बाई, मी असं..."

"साहेब म्हणतायत तुमचीच आहे." मी चार ढांगांत वाफा ओलांडून भाऊजींच्या दुसऱ्या बाजूला गेले आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले. "ऐकलंत का? कागदावर मांडून बघितलंय त्यांनी. ही सगळी माती तुमची आहे."

"अहो बाई, पुढच्या वळणावर..."

"साहेब, तुम्ही आत चला. चहा ठेवलाय." चहा ठेवला नव्हता. मी ह्यांच्याकडे बघितलं. जन्मात पहिल्यांदा ह्यांना माझी नजर कळली. ह्यांनी साहेबांच्या दंडाला धरलं आणि त्यांना घराकडे न्यायला लागले. साहेब मान वळवून वळवून बघत होते. त्यांच्या शिक्षणाचा अपमान झाला होता, आणि त्याबद्दल मला खरंच वाईट वाटलं, पण ते नंतर.

मी भाऊजींवर ओरडतच राहिले. एकदा तोंड सुटल्यावर थांबता येईना. "माती तुमची आहे तर घमेल्यातून कसली नेताय? डोक्यावर मिऱ्या वाटल्यात तुम्ही माझ्या इतकी वर्षं. तुमच्या जमिनीवर आम्ही राहतोय, तुमच्या जमिनीत माझ्या काकड्या आहेत, आणि मालक पलीकडे पडक्या घरात बसलाय. लाज आम्हाला वाटली पाहिजे. तुमच्या जागेवर राहायला या. कुणाच्या दारात यायचं नाहीये तुम्हाला. आपल्या मातीवर यायचंय. आणि उद्यापासून हा पोयटा खरवडलात तर मी ती गाडी नदीत टाकीन."

घसा खरवडून निघाला होता.

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं नाही. फावडं उपटलं, त्याची माती झटकली, रिकामी घमेली एकात एक घातली आणि गाडी वळवली. माती न घेता ते त्या दिवशी पहिल्यांदा गेले. चहाही घेतला नाही. पुलावर चाक कुरकुरत गेलं आणि मी तिथेच वाफ्यात बसले. मला वाटलं, झालं, होतं तेही मी घालवलं. हे साहेबांना वाटेला लावून आले आणि माझ्या शेजारी बसले, आणि नशीब, जाऊ दे म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुरकुर आली ती नेहमीपेक्षा जड होती. मी दारात गेले. गाडीवर ट्रंक होती, गुंडाळलेली गादी होती, आणि वर दोरीने आवळून बांधलेलं जाऊबाईंचं शिवणयंत्र. भाऊजी घामाघूम झाले होते. हे धावत जाऊन गाडीला हात लावायला गेले तर म्हणाले, "बाजूला हो. यंत्राला धक्का लागेल."

मागची खोली त्यांनी दारातूनच नापास केली. उगवतीचं ऊन डोळ्यांवर येतं म्हणे. शेवटी भाजी बांधायच्या शेडला लागून जी खोली आहे, जिथे मी रिकाम्या पेट्या ठेवते, ती त्यांनी पसंत केली, कारण तिथून नदी दिसते. पेट्या मी हलवल्या. खिळे मी ठोकले. खिळे वाकडे ठोकलेस, हे त्यांनी सांगितलं. दुपारी वाफ्यातला तो चिकट थर फोडताना माझ्या मागे उभं राहून, कुदळ कशी धरायची असते, तेही सांगितलं. जमीन त्यांची ना आता. आपणच पायावर धोंडा पाडून घेतला होता, बोलणार कुणाला?

पाणी त्यानंतर लवकरच चढलं. पहिला दिवस नुसतं गढूळ झालं, मग काठाकाठाने वर आलं, आमच्या खालच्या वाफ्यांत शिरलं. तीन खुर्च्या शेडच्या दारात टाकून आम्ही बसलो होतो. मी चहा आणला. पलीकडे भाऊजींच्या घराची मागची भिंत आधी गेली, अगदी आवाज न करता. मग छप्पर थोडा वेळ तिरकं लटकलं आणि तेही खाली आलं. जिथे ती खिडकी होती तिथे आभाळ दिसायला लागलं. ह्यांनी डोळे पुसले. भाऊजी कप हातात धरून बघत होते.

मग ते म्हणाले, "पुढच्या वळणावर कोण राहतं?"

"वांगी लावणारा एक आहे," हे म्हणाले. "नवरा-बायको आहेत. का?"

"त्याला निरोप दे. माती काळी आहे, चिकट आहे. पाणी बेताने द्यावं, नाहीतर मुळं कुजतील. आणि ओली असताना नांगर घालू नये म्हणावं, ढेकळं धरते."

मी कप खाली ठेवला. "भाऊजी, म्हणजे साहेब बोलत होते ते तुम्ही ऐकलं होतंत?"

"साहेब उजव्या बाजूला उभे होते."

"आणि मी?"

"तू डावीकडे." त्यांनी घोट घेतला. "तुझं काही ऐकू आलं नाही. पण तोंड केवढं उघडलं होतंस ते दिसत होतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढा घसा फोडला, एका शिकलेल्या माणसाला त्याच्या तोंडावर खोटं पाडलं, खोली रिकामी केली, खिळे ठोकले. "माती तुमची नाही हे माहीत होतं, तर मग आलात कशाला?"

भाऊजी पलीकडे बघत राहिले. तिथे आता काहीच नव्हतं, नुसतं पाणी होतं.

"शेतात उभं राहून, चारचौघांत, शिरा ताणून माझ्यासाठी खोटं बोलत होतीस," ते म्हणाले. "ती गेल्यापासून माझ्यासाठी इतकं कुणी ओरडलं नव्हतं. मग म्हटलं, जावं."

हे नदीकडे बघत होते आणि त्यांचे खांदे हलत होते. मी कप उचलले आणि आत आले, आधण ठेवलं, आणि तिथेच ओट्याला धरून उभी राहिले. डोळ्यांतलं पाणी पदराला पुसलं, पुन्हा आलं, पुन्हा पुसलं.

बाहेरून आवाज आला, "धाकटे, या वेळी साखर जरा बेताने."

मी दोन चमचे जास्त घातली.